कवच सायकलला की रस्त्याला?

परवा दवाखान्यात एक तरुण आला. नेरुळला राहणारा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा. तक्रार गुडघ्याची होती. पण गुडघ्यापेक्षा मोबाइलमधले एक छायाचित्र दाखवायचीच त्याला अधिक घाई होती. छायाचित्रात तीन चाकांची, माशासारख्या निमुळत्या आकाराची, पिवळीधमक गाडी होती. वरच्या झरोक्यातून चालकाचे फक्त डोके दिसत होते.

"डॉक्टर, ही मोटार नाही, सायकल आहे! आत रेलून बसायचे आणि पेडल मारायचे. साधा माणूस ताशी पस्तीस किलोमीटरने जातो. ऊन नाही, पाऊस नाही, पाठदुखी नाही. आपल्या पामबीच रस्त्यावर अशा गाड्या का असू नयेत?"

मग त्याने खरे कारण सांगितले. वडिलांना चार वर्षांपासून मधुमेह आहे. घर नेरुळला, कचेरी बेलापूरला. मी त्यांना मागे सायकल चालवायला सांगितले होते. त्यांनी ती घेतलीही. पण जेमतेम आठवडाभर चालवली. "आई म्हणते, साखर वाढली तर गोळी आहे, त्या रस्त्यावर काही झाले तर गोळी नाही. म्हणून म्हटले, अशी बंद गाडी असेल तर आई नाही म्हणणार नाही."

मुलाचा प्रश्न मला आवडला. सायकल चालवा असे सांगणे आम्हा डॉक्टरांना सोपे असते. ती कुठे चालवायची, हे आम्ही सांगत नाही. म्हणून आज या गाडीविषयी आणि त्या माउलीच्या भीतीविषयी चार शब्द.

ही गाडी आहे तरी काय?

या वाहनाला 'व्हेलोमोबाइल' म्हणतात. सायकलच ती, पण बहुधा तीन चाकांची. चालक खुर्चीत रेलल्यासारखा बसतो, पाय समोर लांब करून पेडल मारतो आणि सभोवती फायबर किंवा तशाच हलक्या पदार्थाचे कवच असते. वजन साधारण पंचवीस ते पस्तीस किलो. इंजिन नाही, पेट्रोल नाही. धावते ती माणसाच्या मांड्यांच्या बळावर.

कल्पना नवी मुळीच नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा एक कारागीर गाड्या बनवीत असे. त्याच्या मुलाला सायकल हवी होती. पण आईला दुचाकी धोक्याची वाटे. म्हणून बापाने मुलासाठी पेडलवर चालणारी चारचाकी केली, अशी हकीकत सांगतात. ती इतकी छान पळू लागली की पुढे मोशेने मोठ्यांसाठीही तशा गाड्या बनवल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा फ्रान्समध्ये त्यांना चांगली मागणी होती. म्हणजे नेरुळच्या घरातला वाद पॅरिसजवळच्या एका घरात शंभर वर्षांपूर्वीच झालेला होता!

याच मोशेच्या रेलून चालवायच्या दुचाकीवर बसून फ्रान्सिस फोर या सायकलपटूने १९३३ साली एका तासात ४५ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. फोर काही त्या काळचा पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता. साहजिकच वाद झाला. बळ माणसाचे की रचनेचे? अखेर १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. तेव्हापासून मोठे कारखाने उभ्या सायकलीच बनवीत राहिले आणि ही दुसरी वाट हौशी मंडळींकडे राहिली. त्यांनी ती सोडली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील सपाट रस्त्यावर कॅनडाच्या टॉड रायकर्टने पूर्ण बंद सायकलवर ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला. पायांच्या जोरावर! तो अर्थात विक्रमासाठी केलेला प्रयोग. रोजच्या वापराच्या गाड्या नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क या देशांत बनतात आणि तिथले काही लोक त्यांतून कामावरही जातात.

वाऱ्याशी कुस्ती

या वेगाचे रहस्य काय? ते समजून घेतले की आपल्या शरीराविषयीही काही कळते.

व्यायामाची फारशी सवय नसलेला प्रौढ माणूस तासभर न थकता साधारण ७५ ते १०० वॉट एवढी शक्ती पेडलवर देऊ शकतो. पूर्वी घराघरांत शंभरचा पिवळा बल्ब असे, तेवढीच. एवढ्याशा शक्तीवर माणूस स्वतःला आणि सायकलला मिळून ऐंशी-नव्वद किलो वजन पुढे नेतो, हेच मुळात नवल आहे.

ही शक्ती जाते कुठे? सपाट रस्त्यावर हळू चालवताना ती चाकांचे घर्षण आणि हवा यांत वाटली जाते. वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरवर गेला की तिचा बहुतेक वाटा हवाच खाऊन टाकते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती आठपट. ताठ बसलेला सायकलस्वार म्हणजे वाऱ्यापुढे धरलेली उघडी छत्रीच म्हणा ना. व्हेलोमोबाइल निमुळती आणि बुटकी असल्याने हवा तिला बगल देऊन जाते. म्हणून ज्या कष्टात साध्या सायकलवर वीसचा वेग मिळतो, त्याच कष्टात या गाडीत तीस-पस्तीसचा मिळू शकतो. रस्ता मात्र सपाट हवा. चढावर हवेचा प्रश्न उरत नाही, वजनाचा उरतो. तिथे ही गाडी साध्या सायकलच्या मागे पडते. खारघरच्या टेकडीवर तिची फजितीच होईल.

शरीराला काय लाभते?

रेलून बसण्याचे काही फायदे खरे आहेत. वाकलेल्या सायकलवर मान, मनगटे आणि कंबर यांवर ताण येतो. अरुंद सीटमुळे बसण्याच्या जागी बधिरपणा येतो आणि लाजेने पुरुष ते सांगत नाहीत. खुर्चीसारख्या बैठकीत हे त्रास बरेच कमी होतात. तीन चाकांमुळे तोल जाण्याची भीती नाही. साठी उलटलेल्या किंवा चालताना तोल सांभाळणे कठीण झालेल्या माणसाला ही मोठीच सोय आहे. तिचा एक तोटाही सांगतो. पाठ मागे टेकलेली असल्याने माणूस जड गिअरमध्ये रेटा देऊन पेडल ढकलतो आणि मग गुडघे दुखतात. या मुलाचा गुडघाही असाच, साध्या सायकलवर जड गिअर रेटल्याने दुखावला होता. हलका गिअर आणि मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे, हा नियम कोणत्याही सायकलला लागू आहे.

पण आरोग्याच्या हिशेबात वेग हा नफा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. तिथे मोजायची ती मिनिटे, किलोमीटर नव्हेत. वाशी ते बेलापूर सुमारे दहा किलोमीटर. साध्या सायकलने जाऊन येऊन सव्वा तास धरला, तरी आठवड्याच्या पाच दिवसांत साडेतीनशेहून अधिक मिनिटे आपोआप होतात. ना जिमची फी, ना वेगळा वेळ. पनवेलहून वाशीला रोज जाणाऱ्याला वेगवान गाडीचा उपयोग होईल. कारण वीस-बावीस किलोमीटर साध्या सायकलने जाण्याची उमेद सर्वांना नसते. पण ज्यांची कचेरी चार-सहा किलोमीटरवर आहे, त्यांना साधी सायकल पुरून उरते.

या लाभाचा पुरावा भक्कम आहे. कोपनहेगनमध्ये सुमारे तीस हजार लोकांना कित्येक वर्षे पाहून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने न जाणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक आढळले. वय, धूम्रपान, इतर व्यायाम यांचा हिशेब करूनही हा फरक उरला. आणि आपल्याकडे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह, १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. शेजारच्या गोव्यात तर मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के! ज्या देशात हे आकडे आहेत, तिथे रोज तासभर पाय हलवणाऱ्या वाहनाला रस्त्यावर जागा नसावी, हे आजाराला आमंत्रण देण्यासारखेच आहे.

उकाड्याचे काय?

आता त्या बंद कवचाकडे वळू. युरोपातला माणूस थंडी आणि गार पाऊस यांपासून वाचण्यासाठी कवचात शिरतो. आपला प्रश्न उलटा आहे.

स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पेडलवर पोहोचतो, बाकीची उष्णता होते. तुम्ही १०० वॉटचे काम केले, तर शरीरात ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे पोटाशी छोटी शेगडी बांधल्यासारखेच. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. पण घाम गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. टपकून गेला तर फारसे काहीच नेत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळायला वारा हवाच. साध्या सायकलवर तो आपोआप आणि फुकट मिळतो. सायकल चालवताना बरे वाटते आणि सिग्नलला थांबताच दरदरून घाम फुटतो, त्याचे कारण हेच. बंद गाडीत झरोके ठेवले तरी वारा कमीच. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बाराला त्यात बसून वाशीच्या सिग्नलवर उभे राहायचे, ही कल्पनाच नको.

हे भय काल्पनिक नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी याच नवी मुंबईत, खारघरच्या मैदानावर, भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला. ते कुणी सायकल चालवीत नव्हते, नुसते बसले होते. पारा अडतीसच्या आसपासच होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण दमट हवेत अडतीस अंश हे कोरड्या हवेतल्या चव्वेचाळीसपेक्षा घातक ठरू शकतात.

म्हणून आपल्याकडे अशी गाडी आलीच, तर तिला वर छप्पर आणि चहूबाजूंनी मोकळीक हवी. पावसाळ्यात पडदे, उन्हाळ्यात उघडी. थोडक्यात, आपल्या रिक्षेसारखी. आपल्या कारागिरांना हे जमणार नाही असे नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात सायकलरिक्षा सुधारण्याचे काम हाती घेतले. वजन उतरवले, गिअर दिले, ब्रेक सुधारले, पुढे विजेची जोडही दिली. हेतू एकच, ओढणाऱ्याच्या छातीवरचा भार कमी व्हावा. वाहन हलके करणे हाही आरोग्याचाच विषय आहे, हे या कामातून दिसते.

आईची भीती आणि पामबीच रस्ता

पण समजा, उकाड्याचा प्रश्न सुटला. किंमतही परवडली, आज परदेशी गाडी घ्यायची तर छोट्या मोटारीएवढे पैसे पडतात. तरी त्या माउलीची भीती जाईल का?

जाणार नाही आणि जाऊही नये. ते कवच हवा कापण्यासाठी असते, मोटारीचा धक्का सोसण्यासाठी नव्हे. गाडी उलटली तर खरचटण्यापासून ते वाचवील. ताशी ऐंशी-नव्वदने येणाऱ्या मोटारीपुढे त्याची मातब्बरी ती किती? शिवाय ही गाडी कमरेएवढी उंच. चालकाचे डोके मोटारीच्या खिडकीखाली राहते. ट्रेलरच्या चालकाला ती दिसणारच नाही. उरण-पनवेलच्या वाचकांना कंटेनरच्या रांगांविषयी मी वेगळे सांगायला नको. चाके लहान, पोट जमिनीला लागलेले. आपले खड्डे आणि गतिरोधक तिला पहिल्याच पावसाळ्यात जेरीस आणतील.

२८ फेब्रुवारी २०२४ ची पहाट आठवा. अवतार सैनी हे संगणकक्षेत्रातले मोठे नाव. इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपच्या रचनेत त्यांचा पुढाकार होता आणि पुढे ते त्या कंपनीच्या भारतातील कामाचे प्रमुख झाले. वय ६८. पहाटे सहाच्या सुमारास सहकाऱ्यांसोबत ते नेरुळजवळ पामबीच रस्त्यावर सायकल चालवीत होते. मागून आलेल्या भाड्याच्या मोटारीने त्यांना धडक दिली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. अडुसष्टाव्या वर्षी पहाटे उठून सायकल चालवणारा माणूस म्हणजे आम्ही डॉक्टर रुग्णांना ज्याचे उदाहरण द्यावे असा माणूस. त्याने शरीर राखले होते. रस्त्याने त्याला राखले नाही.

पामबीचवर वेगमर्यादा आहे. पण पहाटे रस्ता रिकामा, सरळ आणि गुळगुळीत असला की पाटीकडे कोण पाहतो? दहा किलोमीटर वेगाने काय बिघडते, असे मोटारवाल्याला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : मोटारीच्या दर्शनी भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता, वेग ५० वरून ६५ झाला की साडेचारपट होते. पंधरा किलोमीटरचा फरक, साडेचारपट मरण! २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. एखाद्या साथीत एवढी माणसे गेली असती, तर आपण शाळा बंद केल्या असत्या.

डच माणसाचे कवच

मग नेदरलँड्समध्ये ही नाजूक गाडी कशी टिकते? याचे उत्तर गाडीत नाही, रस्त्यात आहे.

तिथली एक प्रसिद्ध व्हेलोमोबाइल ड्रॉन्टन या गावात तयार होते. ते गाव समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर वसले आहे. सपाट, आखीव, विसाव्या शतकात नियोजनाने उभे केलेले. हे वर्णन ओळखीचे वाटते ना? आपल्या नवी मुंबईचाही बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालून झाला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कागदावर आखून शहर उभे राहिले. सेक्टर आखले, रुंद रस्ते आखले, रेल्वे स्थानके शहराच्या मध्यभागी आणली. जुन्या मुंबईला रस्ता रुंद करायचा तर घर पाडावे लागते. नवी मुंबईला तो बहाणाही नाही. जागा होती आणि बऱ्याच ठिकाणी आजही आहे.

डच मंडळी काही जन्मजात शहाणी नव्हती. त्यांच्याकडेही साठच्या दशकात मोटारी वाढल्या आणि १९७१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत मुले शेकड्यांनी होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. पुढे तेलाचे संकट आले आणि सरकारलाही सायकल आठवली. मग मोटारींपासून कठड्याने वेगळे केलेले सायकलमार्ग गावोगाव झाले. व्हेलोमोबाइल त्या मार्गांवर वाढली. आधी रस्ता सुरक्षित झाला, मग ही गाडी आली. आपण रस्ता तसाच ठेवून गाडीला कवच घालू पाहतो. हा आधी कळस मग पाया असा प्रकार झाला.

ज्यांची सायकल हौस नाही

आणखी एक गोष्ट राहून जाते. सायकल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रविवारी सकाळी रंगीत कपडे आणि हेल्मेट घातलेली मंडळी येतात. त्यांचे मला कौतुकच आहे. पण पहाटे पाचला पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून महापे किंवा तुर्भ्याहून घरी निघालेला सुरक्षारक्षक, डबे पोचवणारा, बांधकामावरचा गवंडी, हे आठवड्याचे सातही दिवस सायकलवर असतात. त्यांच्या सायकलला मागचा लाल दिवा नसतो, कारण कुणी तो बसवा म्हणून सांगितलेले नसते. त्यांचा अपघात झाला तर बातमी चार ओळींची होते. तीही झाली तर. लाखो रुपयांची बंद गाडी त्यांच्या कामाची नाही. कठडा घातलेला सायकलमार्ग मात्र कामाचा आहे आणि तो अवतार सैनींसारख्यांनाही तितकाच उपयोगी पडला असता. सार्वजनिक आरोग्याची ओळख हीच असते : एक उपाय आणि श्रीमंत-गरीब दोघांनाही लाभ. नळाला शुद्ध पाणी आले तेव्हा हेच झाले होते.

२०१८ मध्ये नवी मुंबईत भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली, तेव्हा तरुण मुलामुलींनी सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर त्या हौसेने चालवल्या. लोकांना सायकल नको आहे, हे म्हणणे त्यामुळे खरे नाही. लोकांना भीती नको आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. वाशी ते बेलापूर सायकलमार्ग सलग व्हावा. मधेच संपणारा, मधेच पार्किंग झालेला, मधेच खोदलेला नको. नुसता रंगाचा पट्टा नको, मोटारीचे चाक चढणार नाही असा कठडा हवा. वेगाची तपासणी दिवसाउजेडी जेवढी होते, तेवढीच पहाटे चार ते सातही व्हावी; कारण त्याच वेळी आरोग्यासाठी बाहेर पडलेले लोक रस्त्यावर असतात. शाळा, बाजार आणि स्थानके यांच्या आसपास वेग ताशी ३० च्या वर जाऊ नये. पायी आणि सायकलवर जाणारे जिथे मोटारींत मिसळतात तिथे हीच मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे. आणि मार्गावर झाडे लावावीत. कोकणपट्टीत सावली ही चैन नव्हे, औषध आहे. काम झाले की नाही याची कसोटीही सोपी आहे. बारा वर्षांची मुलगी वाशीहून बेलापूरला एकटी सायकलने जाऊ शकते का आणि तिची आई घरी निश्चिंत बसू शकते का? उत्तर होय असेल, तर मार्ग झाला. नाही तर फक्त उद्घाटन झाले.

तोवर काय करावे?

तोवर हातावर हात ठेवून बसावे असे मी म्हणणार नाही. सेक्टरच्या आतले रस्ते, उद्यानालगतचे रस्ते, खाडीकाठचे फिरण्याचे पट्टे इथे सुरुवात करावी. उजाडल्यावर निघावे, अंधारात पामबीच किंवा शीव-पनवेल महामार्ग टाळावा. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, अंगात फिकट किंवा चमकणारे कपडे आणि डोक्यावर हेल्मेट असावे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागला तर व्यायाम मध्यम झाला असे समजावे.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतावे. सवय नसेल तर पहिले दहा-बारा दिवस थोडे थोडेच चालवावे. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एवढा अवधी लागतो. कुणी चालवता चालवता बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर उष्माघात समजून ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, खिशात साखरेची पुडी किंवा गोड बिस्किटे ठेवावीत. रिकाम्या पोटी निघू नये. हात थरथरले, गार घाम आला, तर लगेच थांबून गोड खावे. पायांना बधिरपणा असेल तर बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणवली, तर सायकल तिथेच सोडून रुग्णालय गाठावे. चाळिशी उलटलेल्यांनी सुरुवातीला रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

त्या मुलाला मी शेवटी काय सांगितले? म्हटले, "बाळा, गाडी सुंदर आहे. कॉलेजात तुझ्या मित्रांबरोबर अशी एक जरूर बनव, पण मोकळ्या हवेची. वडिलांना आज त्यांची जुनी सायकल काढून दे. मागे लाल दिवा बसव आणि पहिले पंधरा दिवस सकाळी सेक्टरमध्ये त्यांच्याबरोबर तूही चालव. आणि आईला सांग, तिचे म्हणणे बरोबर आहे. फक्त ते घरात सांगून भागणार नाही, महापालिकेत जाऊन सांगितले पाहिजे."

तो हसला. "डॉक्टर, आई खरेच जाईल हं!"

जाऊ दे की. हॉलंडमध्येही सुरुवात आईबापांनीच केली होती.